बाराव्या मजल्यावरून विमान जात नाही, याचा पुरावा

ज्याचं घर जमिनीवर आहे, त्याला ते आपलंच आहे हे सिद्ध करावं लागतं. ज्याचं घर हवेत आहे, त्याला तिथे विमान नाही हे सिद्ध करावं लागतं. कायदा दोघांना सारखाच त्रास देतो, म्हणूनच त्याला न्याय म्हणतात.

आमचं घर हवेत आहे. घाटकोपरची आमची जुनी बिल्डिंग पाडून त्याच जागी बारा मजल्यांची नवी बांधतायत. नवव्या मजल्याचा स्लॅब भरून झालाय. तोवर बिल्डरने आम्हा सगळ्यांना आजूबाजूच्या गल्ल्यांत भाड्याच्या खोल्यांत ठेवलंय. चिठ्ठ्या टाकून घरं वाटली, त्यात मला बाराव्यावरचं निघालं, पूर्वेकडचं. (चिठ्ठी मी स्वतः काढली. लोक काय वाटेल ते बोलतात.)

मार्चमध्ये बिल्डरचा माणूस विशाल घरी आला. चहा घेतला, बिस्कीट नको म्हणाला. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी वाईट आणलंय.

"मावशी, विमानतळ जवळ आहे ना. वरच्या ऑफिसातून उंची अकराचीच मंजूर झाली. बाराव्यावर विमानांना अडचण होते."

"कुठे होते अडचण?"

"हवेत."

"ते कळलं रे. माझ्या किचनमध्ये की हॉलमध्ये?"

विशाल शिकलेला माणूस. त्याने मोबाईलवर नकाशा काढला, दोन बोटांनी मोठा केला, नीट निरखून बघितला आणि म्हणाला, "किचनकडून."

बाराव्यावरच्या चारही कुटुंबांची सोय करू, असं सांगून तो गेला. 'सोय करू' या शब्दाचा अर्थ आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला मुदत नसते.

आमचे हे, म्हणजे सहदेव, वायरमन म्हणून रिटायर झालेले. ते म्हणाले, सरकारशी कोण भांडणार. सून ऋतिका कॉम्प्युटरवर काम करते. ती म्हणाली, "आई, विमानं स्वतःच आपली उंची सांगत असतात. दर सेकंदाला. हवेत."

"कोणाला?"

"जो ऐकेल त्याला. पोलिसांची परवानगी, दिल्लीची ओळख, काही लागत नाही. एक यूएसबीचा रेडिओ मिळतो, लॅपटॉपला लावायचा."

आजवर डोक्यावरून रोज शेकडो विमानं स्वतःची माहिती ओरडत जात होती आणि माझ्यापर्यंत पोचली नव्हती! या गल्लीत असं पहिल्यांदाच घडलं.

सदर यंत्र दोन मोठ्या सुरमयांच्या भावात घरपोच येतं. आकाराने अंगठ्याएवढं. एक टोक लॅपटॉपात जातं, दुसऱ्याला एरियलची वायर. जन्माला आलं ते टीव्ही दाखवायला, पण पुढे हुशार लोकांनी त्याला रेडिओ, विमानं, जहाजं सगळं ऐकायला शिकवलं. (आमच्या नात्यातली मुलं उलट गेली. इंजिनियरिंग शिकली आणि टीव्ही बघत बसली.) याचा मोठा गुण असा की ते सगळ्यांचं ऐकतं आणि उलटून एक शब्द बोलत नाही. अशी सून मी बावीस स्थळांत शोधली. शेवटी ऋतिका पत्करली.

नवीन माणसांना उपयोग व्हावा म्हणून कार्यपद्धती देते.

सुरुवात गाऱ्हाण्याने करावी. आम्ही कोकणातले, नवीन वस्तू देवाला सांगितल्याशिवाय चालू करत नाही. ह्यांनी लॅपटॉपसमोर नारळ ठेवला आणि हात जोडून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, आज सुनेन जो ह्यो डबो हाडलो हा, तेच्या कानात जा खरा आसात ताच पडांदे रे म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा." (नारळ लॅपटॉपवर फोडला नाही. सूचना आली होती.)

नंतर ड्रायव्हर. लॅपटॉपला हे यंत्र अजून टीव्हीच वाटत असतं. त्याची समजूत घालायला एक प्रोग्राम येतो. त्यात लॅपटॉपला जोडलेल्या वस्तूंची यादी दिसते, यादीतून आपलं यंत्र निवडायचं आणि बटण दाबायचं, की त्याची जुनी ओळख पुसून नवी बसते. ऋतिका ऑफिसात असताना आमच्या ह्यांनी चाळीस वर्षांच्या अनुभवाने यादीतून माउस निवडला. माउस दोन दिवस टेबलावर निपचित पडून विमानांची वाट बघत होता.

तो शुद्धीवर आल्यावर प्रत्यक्ष ऐकणं. पडद्यावर निळा-पिवळा रंग वरून खाली वाहत राहतो, त्याला धबधबा म्हणतात. जिथे पिवळी रेघ, तिथे कुणीतरी बोलतंय. ह्यांनी आवाजाची ताकद पूर्ण वाढवली आणि तासाभरात खाली जाऊन जाहीर केलं की घाटकोपरात पाच नवी रेडिओ स्टेशनं सापडली आहेत. पाचही ठिकाणी एकाच साडीच्या दुकानाची जाहिरात चालू होती.

ऋतिका म्हणाली, "बाबा, नको तेवढी ताकद लावून ऐकलं की एकच गोष्ट पाच ठिकाणी ऐकू येते."

हे शास्त्र मला लग्न करून आले त्या दिवसापासून ठाऊक आहे. आमच्याकडे ते सामायिक नळावर शिकवत.

राहता राहिलं एरियल. त्याच्या बुडाला लोहचुंबक असतं आणि खाली लोखंडाचा पत्रा लागतो, नाहीतर ते अर्धंच ऐकतं. स्टीलच्या ताटाला चिकटेना. पितळेच्या परातीला चिकटेना. चिकटलं ते माझ्या सासूबाईंच्या बिडाच्या तव्याला, भाकरीच्या. पन्नास वर्षं जुना तवा खिडकीच्या ग्रिलवर आडवा बांधला आणि मधोमध एरियल उभं केलं. निष्कर्ष: तव्याशिवाय विमानं नऊ, तव्यावर चौतीस. (याच काळात भाकऱ्या: शून्य.)

तीन आठवडे नोंदी केल्या. ऋतिकाने कॉम्प्युटरमध्ये आणि मी वहीत, कारण कॉम्प्युटर बंद पडतो आणि वही पडत नाही. चौथीपर्यंतचे आकडे मला येतात, विमानांना त्यापुढचे लागत नाहीत. गोषवारा असा:

आमच्या बिल्डिंगवरून गेलेली विमानं: तीन हजार एकशे अठरा.
त्यांपैकी माझ्या हॉलमधून: शून्य.
किचनमधून: शून्य.
बेडरूममधून: मोजलं नाही. ती खाजगी बाब आहे.
सर्वांत खाली उडालेलं विमान: सातशे पंचवीस फूट.
खालच्या पार्किंगपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत बारा मजल्यांची उंची: एकशे साठ फूट.

विशालला बोलावलं. चहा दिला, बिस्कीटही दिलं. त्याने वही वाचली, मग पडद्यावर एका विमानावर बोट ठेवलं.

"मावशी, हे बघा. हे विमान विमानतळावर टेकतंय, आणि तुमचा डबा सव्वादोनशे फूट दाखवतोय. म्हणजे विमान जमिनीच्या वर सव्वादोनशे फुटांवर पार्क करतात का?"

ऋतिका हवेचा दाब वगैरे समजावू लागली. मी तिला थांबवलं.

"पासंग आहे तो," मी म्हटलं. "कोळणीच्या काट्याला पासंग असतो म्हणून मी मासे खायचे सोडले का? पासंग वजा करते आणि घेते. सातशे पंचवीसातून सव्वादोनशे गेले, पाचशे उरले. त्यातून माझी बिल्डिंग काढ. तीनशे चाळीस फूट माझ्या टाकीच्या वर. तिथून ते विमान माझ्या किचनमध्ये कशाला येईल, फोडणीच्या वासाने?"

विशालने बिस्कीट खाली ठेवलं. "मावशी, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पण हे खरं विमान झालं. नियमातलं विमान वेगळं असतं. ते कागदावर उडतं, आणि बरंच खालून उडतं."

"मग ते डब्यात का येत नाही?"

"ते बोलत नाही ना, मावशी."

इथे मी त्याच्या हुशारीचं कौतुक केलं आणि त्याला घालवून दिलं. मग आमचे सेक्रेटरी राजाराम यांच्याकडे अर्ज दिला: सर्वसाधारण सभा बोलवावी, पुरावा मांडू द्यावा आणि सोसायटीने वरच्या ऑफिसात अपील करावं. राजाराम नियमाने वागणारा माणूस. त्याने सात दिवसांची नोटीस काढली.

मे महिन्याच्या एका रविवारी, सकाळी दहा वाजता, बालवाडीच्या हॉलमध्ये सभा भरली. छोट्या छोट्या खुर्च्यांवर मोठी मोठी माणसं. खिडकीत तवा, टेबलावर लॅपटॉप. ऋतिकाने विमानं दाखवायला सुरुवात केली आणि सभा हरखून गेली. हे दिल्लीचं, हे कोचीचं, याची उंची अमुक, वेग तमुक. अकराव्यावरच्या सुहासिनीचा जावई त्याच सकाळी दुबईहून येत होता. त्याचं विमान पडद्यावर सरकताना दिसलं तेव्हा ती उठून उभी राहिली आणि पडद्याला हात हलवला. जावयानेही हलवला असणार, असं तिचं मत पडलं. ऋतिकाने वही वाचून दाखवली. शून्य म्हटल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यात मला एवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या, आणि मिळायला हव्या होत्या.

मग राजारामने चष्मा लावला. ठराव पहिला: सुगंधाताई व त्यांची सून यांनी केलेल्या वैज्ञानिक कार्याबद्दल ही सभा त्यांचं हार्दिक अभिनंदन करीत आहे. ठराव दुसरा: अपील केल्यास आठ महिने काम बंद राहील, त्यामुळे अपील न करता अकरा मजले मान्य करून दिवाळीत चाव्या घ्याव्यात.

पहिला ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. दुसरा त्याच टाळ्यांत झाला, त्या थांबेपर्यंत कुणाला धीर नव्हता. राजारामने तरी नियमाप्रमाणे हात मोजले. चाळीस.

मी उभी राहिले. "अरे, विमान जात नाही हे आत्ता डोळ्यांनी बघितलंत ना सगळ्यांनी?"

"बघितलं ना गं," सुहासिनी म्हणाली. "एकदम झकास होतं. पुन्हा ठेव कधीतरी. पण दिवाळीनंतर धाकट्या पोरीचा साखरपुडा आहे, चावी नको का हातात?" (बारावा गेल्यावर गच्ची थेट सुहासिनीच्या डोक्यावर येते. हा योगायोग तिच्या लक्षात आला नसावा, असं मी धरून चालते.)

मी काही बोलणार, तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून शर्मिष्ठाचा आवाज आला. तिचं घर तेराव्यावर होतं. तेरावा मजला गेल्या वर्षीपर्यंत नकाशात होता. तोही असाच एका विमानाच्या आड आला, अशीच सभा झाली, असाच ठराव झाला. तेव्हापासून तिची आणि तिच्या मजल्यावरच्या बाकीच्यांची सोय होते आहे. हे मी वर लिहिलं नाही, कारण विषय बाराव्याचा होता.

"सुगंधाताई," ती म्हणाली, "माझ्या वेळेला तुम्ही कुठला हात वर केला होता? डावा की उजवा?"

"उजवा," मी म्हटलं. खोटं बोलायची मला सवय नाही. "आणि सगळ्यांच्या आधी."

ती हसली. खुर्चीवरची पिशवी उचलली आणि बाजूची जागा मला दाखवली. मी जाऊन बसले. त्या रांगेत आता आठ कुटुंबं आहेत, आठही सोय होण्याच्या मार्गावर. ऋतिका वायर गुंडाळत होती आणि लोक तिला विचारत होते, हे यंत्र मिळतं कुठे.

आता तुम्ही. इतका वेळ वाचलंत, दोनदा हसलात, एकदा 'बिचारी' म्हणालात, आभारी आहे. पण तेरावा गेला, बारावा गेला, हे वाचताना तुम्ही मनातल्या मनात आपला मजला मोजून घेतलात. चौथा असेल, सातवा असेल. आणि हुश्श केलंत.

राजारामने तुमचा तो हातही मोजलाय. एक्केचाळीस.