पिवळी टोपी हजर

पाळकसाहेबांनी बसमध्ये जोड्या लावल्या, तेव्हाच चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या ऑर्गनबाईंना कळलं की हा माणूस आपल्या मुळावर उठलाय. अडतीस माणसं, एकोणीस जोड्या. बायबलमधली ठिकाणं पाहताना कुणी हरवू नये म्हणून ज्याने त्याने आपल्या जोडीवर लक्ष ठेवायचं, खाली उतरायचं तर जोडीला सांगून उतरायचं आणि हजेरीच्या वेळी जोडीतल्या कुणीही एकाने दोघांसाठी हात वर करायचा. इथवर ठीक होतं. पण ऑर्गनबाईंची जोडी कुणाशी, तर सख्ख्या वहिनीशी. आणि त्या दोघींचा नऊ वर्षं अबोला.

कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. वहिनी शिवणकाम करतात. त्यांनी चर्चच्या ऑर्गनसाठी हौसेने मखमली आच्छादन शिवलं आणि ऑर्गनबाई भर मंडळीत म्हणाल्या, "ही तर गादीची खोळ वाटते." वहिनींनी तिथल्या तिथे उत्तर दिलं, "आतून येणारा आवाज जरा दाबला जावा म्हणून जाड शिवलीय." झालं. त्या रविवारपासून दोघींचं बोलणं तिसऱ्याच्या तोंडून. जेवायला एका टेबलावर बसल्या तरी 'त्यांना सांगा, मीठ इकडे द्या.' जी आधी बोलेल ती हरली, एवढी साधी गोष्ट होती, आणि ऑर्गनबाईंना हरायचं नव्हतं. मरताना दोन शब्द बोलावे लागले तर तेही नर्सला सांगेन, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

पाळकसाहेबांनी मात्र या दोघींना एकत्र आणण्याचा विडा उचलला होता. बाकीच्या मंडळींना त्याचं काही नव्हतं. ती आपली ज्या जागी संदेष्टे रडले त्या जागी दात काढून फोटो काढत होती आणि बसमध्ये परत आली की कुठल्या हॉटेलचे टॉवेल मऊ होते यावर हिरिरीने वाद घालत होती. दोन हजार वर्षांपूर्वीची विहीर पाहून एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले होते, "बाकी ठीक आहे, पण पंप बसवायला हवा होता."

पहिले तीन दिवस दोघींनी जोडीचं काम चोख केलं, तेही मान न वळवता. टूरवाल्यांनी सगळ्यांना भडक पिवळ्या टोप्या दिल्या होत्या. ऑर्गनबाई डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारी पिवळं दिसतंय का पाहत आणि हात वर करत. वहिनींचंही तेच.

चौथ्या दिवशी मिठाचा खांब आला. म्हणजे लोटाची बायको, जिने मागे वळून पाहिलं आणि मीठ झाली. गाइडने तीन खांब दाखवले आणि यातली ती नक्की कोण हे सांगता येत नाही म्हणाला. मंडळींनी ज्या खांबाला सावली होती तो एकमताने निवडला. पाळकसाहेबांनी त्याच्यापुढे उभं राहून उपदेश केला की जुनी भांडणं उगाळत बसणं म्हणजेच मागे वळून पाहणं. म्हणून मागे पाहू नका, पुढे चला. हे सगळं ते या दोघींकडे बघून बोलले. मग छत्तीस माणसांनीही दोघींकडे पाहिलं. ऑर्गनबाईंनी खांबाकडे पाहिलं.

परतताना त्यांचा पाय त्या खारट चिखलावरून सटकला. पडल्याच होत्या, एवढ्यात कुणीतरी दंड घट्ट धरला, उभं केलं आणि लगेच सोडून दिलं. धरणाऱ्या बोटात शिवताना घालायचं अंगुस्तान होतं. टूरला येतानाही अंगुस्तान घालून येणारी बाई अख्ख्या मंडळीत एकच.

ऑर्गनबाई बसमध्ये येऊन खिडकीशी बसल्या. दंड अजून दुखत होता आणि मनातही काहीतरी टोचत होतं. शेजारी जड काहीतरी टेकल्याची जाणीव झाली, पिवळं दिसलं. "जोडी हजर?" पाळकसाहेबांनी माइकवरून विचारलं. ऑर्गनबाईंनी हात वर केला. बस निघाली.

तासभर पाळकसाहेब माइकवरून क्षमेबद्दल बोलत होते. शेवटी त्यांचा घसा बसला, मंडळी पेंगली, आणि ऑर्गनबाईंना राहवेना. हिने आपल्याला पडू दिलं असतं तर कुणी काय म्हणणार होतं? तरी हिने धरलं. खिडकीबाहेर बघत, ओठही फारसे न हलवता, नऊ वर्षांनी त्या बोलल्या.

"वहिनी, ऐका. खोळीचं बोलले ते मी जळून बोलले. मंडळीत सगळे तुमच्या शिवणीचं कौतुक करत होते, माझ्या वाजवण्याचं कुणी नाव काढेना. तेव्हा..." आणि मग त्यांनी मुख्य वाक्य म्हटलं. नेमका त्याच क्षणी ड्रायव्हरने एका ट्रकला लांबलचक हॉर्न दिला.

शेजारून उत्तर नाही. ऑर्गनबाई थांबल्या. एक वळण गेलं, दुसरं गेलं. एवढं नाक घासलं तरी बाईच्या तोंडून 'हं' निघत नाही म्हणजे काय? त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"एवढा माज बरा नाही, वहिनी. आणि खरं सांगू? ती खोळ वाईटच होती. डावीकडचे टाके बघा एकदा. माझ्या भावाने तुमच्यात काय पाहिलं ते त्या देवालाच ठाऊक."

तरीही उत्तर नाही. मग मात्र त्यांनी मान गर्रकन वळवली. शेजारच्या सीटवर वहिनींची ठासून भरलेली बॅग उभी होती आणि बॅगेवर पिवळी टोपी होती.

आपण एका बॅगेची माफी मागितली, हे ऑर्गनबाईंच्या डोक्यात आधी आलं. वहिनी बसमध्ये नाही, हे नंतर. बॅग ठेवून ती प्रसाधनगृहात गेली असणार. जोडीला सांगून जायचा नियम होता, पण सांगणार कसं? आता ओरडावं, तर सगळे विचारणार की आत्ताच कसं कळलं. तेव्हा पुढच्या थांब्यावर आपोआपच लक्षात येईल, असं ठरवून त्या गप्प बसल्या. देवभोळी बाई, रोज दोनदा प्रार्थना करणारी, चांगली दहा मिनिटं गप्प बसली. मग बॅगेच्या जाळीत पाण्याची बाटली दिसली. भरलेली. त्या रखरखीत मिठात वहिनी बिनपाण्याची होती. ऑर्गनबाई उठून उभ्या राहिल्या.

"पाळकसाहेब, माझी जोडी मागे राहिली."

"पण तुम्ही हात वर केला होता."

"टोपी बघून केला."

"मान वळवून तरी बघायचं, बाई."

"मागे वळून बघू नका, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

पाळकसाहेबांनी माइक खाली ठेवला. बस वळली. जेवण अडीच तास लांबणार हे कळताच मंडळींमध्ये प्रार्थनेची खरी ओढ निर्माण झाली.

वहिनी तिकीट खिडकीच्या आत पंख्याखाली बसल्या होत्या. पुढ्यात चहा होता आणि त्या तिकीटवाल्याच्या कोटाचा फाटका खिसा शिवत होत्या. टाका पूर्ण करून, दोरा दाताने तोडून त्या सावकाश बसमध्ये चढल्या. पाळकसाहेब डोळे पाणावून दोघींच्या मिठीची वाट बघत उभे राहिले. वहिनींनी बॅग मांडीवर घेतली, टोपी डोक्यावर घातली आणि समोर बघत बसल्या. ऑर्गनबाईंनी निःश्वास सोडला. कुणी काही ऐकलं नव्हतं. अबोला शाबूत होता आणि त्या हरल्या नव्हत्या.

मग वहिनींनी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून मोबाइल काढला. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे नवरा घरी राहिला होता, म्हणून त्या रोज बसमधला उपदेश त्याच्यासाठी रेकॉर्ड करत. हे सगळ्या बसला माहीत होतं, ऑर्गनबाईंनाही. आत्ता मात्र त्यांना ते फार स्पष्टपणे आठवलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना दिसलं की रेकॉर्डिंग अजून चालूच होतं.

वहिनींनी ते बंद केलं, कानात इअरफोन घातले आणि ऐकायला सुरुवात केली. पाळकसाहेबांचं क्षमेबद्दलचं त्यांनी भराभर पुढे ढकललं. मग एका ठिकाणी बोट थांबलं. त्यांनी ते दोनदा ऐकलं. थोड्या वेळाने त्यांची भुवई वर गेली, तेव्हा टाक्यांचा भाग आला असावा.

अखेर वहिनींनी एक इअरफोन काढला आणि मान पूर्ण वळवून, सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"वन्सं, टाक्यांचं स्वच्छ ऐकू आलं. पण त्याच्या आधी मधेच हॉर्न वाजलाय. तेवढं वाक्य परत म्हणा."

ऑर्गनबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. आणखी एखादा ट्रक यावा म्हणून त्या बराच वेळ थांबल्या, पण पुढचा रस्ता अगदी रिकामा होता.