हॉटस्पॉटवरचं बारसं

सोलापूरच्या भवानी पेठेत तिप्पण्णा-मल्लव्वाच्या घरी सकाळपासून घुगऱ्या शिजत होत्या, दारात रांगोळी पडली होती, बाहेरच्या खोलीत गल्लीतल्या बायका मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. नव्हतं ते फक्त बाळ. ते ऑस्ट्रेलियात होतं.

बाळ म्हणजे मल्लव्वाच्या धाकट्या भावाचा, सोमेशचा मुलगा. आई लवकर गेली, म्हणून सोमेशला मल्लव्वानेच न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, गणितासाठी बडवलं आणि मेलबर्नला जाण्याइतकं शहाणं केलं. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. पण विमानात बसायला तिची तयारी नव्हती. "ज्याच्या खाली रस्ता न्हाई त्या गाडीत मी बसत न्हाई," असं तिने भावाला ठणकावून सांगितलं होतं.

नाव तिने ठरवलं होतं: नंदीश. तिचे वडील नंदप्पा. पोराला परदेशात तेच नाव जड जाईल म्हणून तिने ते जरासं तासून नवं केलं होतं. ते उच्चारताना आपल्याला रडू येणार हेही तिला ठाऊक होतं. नवऱ्यालासुद्धा तिने नाव सांगितलं नव्हतं, कारण तिप्पण्णाला सांगितलेली गोष्ट आणि बाजारात दवंडी पिटलेली गोष्ट यांत फरक एवढाच, की दवंडी सगळे ऐकतातच असं नाही. शिवाय तिकडे बाळंतपणासाठी सोमेशची सासू आणि मेहुणी सिद्धेश्वरी जाऊन बसल्या होत्या. सिद्धेश्वरीने 'रियान' हे नाव तयारच ठेवलं होतं. मुहूर्तावर आत्याचा आवाज आला नाही तर मावशी नाव ठेवेल, मुहूर्त टळता कामा नये, असं सासूबाईंनी आधीच जाहीर केलं होतं. हे कळल्यापासून मल्लव्वाला अन्न गोड लागत नव्हतं.

सोमेशने आदल्या दिवशी तिप्पण्णाला फोनवर सगळं समजावून सांगितलं होतं. बारसं तो इंटरनेटवर लाइव्ह दाखवणार. सोलापुरात ते टीव्हीवर बघायचं. इकडचं मात्र तिकडे दिसणार नाही, ऐकू जाणार नाही. म्हणून नाव सांगायच्या वेळी सोमेश तिप्पण्णाच्या फोनवर कॉल करणार, आपल्याकडचा फोन बाळाच्या कानाशी धरणार आणि अक्काने बोलायचं. घरात फोन एकच, तिप्पण्णाचा. मल्लव्वाला कुणाशी बोलायचं असलं तर ती गॅलरीत उभी राहून बोले, आणि ते पोचत असे.

तिप्पण्णाने यातलं 'टीव्हीवर बघायचं' इथपर्यंत नीट ऐकलं. पुढे खाली मिरची भज्यांचा घाणा निघाला आणि त्याचं चित्त तिकडे गेलं. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "समदं टीव्हीत हाय. टीव्हीत बघायचं, टीव्हीतच बोलायचं."

टीव्ही दिवाळीत घेतलेला आणि स्मार्ट होता, पण या घरात आल्यापासून त्याला ती संधी कुणी दिली नव्हती. तो टॉवेल पांघरून बसे आणि संध्याकाळी मालिका दाखवी. घरात इंटरनेट नव्हतं. म्हणून केबलवाल्या ज्ञानूला बोलावलं. ज्याला पडदा आहे ते सगळं आपल्या हद्दीत येतं, असं ज्ञानूचं मत होतं.

"त्यात काय एवढं? माझ्या फोनचा हॉटस्पॉट सोडतो की," ज्ञानू म्हणाला. खोलीच्या भिंती जुन्या आणि जाड, आत रेंज शून्य. म्हणून तो फोन घेऊन गॅलरीच्या कठड्यापाशी गेला. तिप्पण्णा रिमोट घेऊन टीव्हीसमोर बसला.

"टीव्ही पासवर्ड मागतोय ओ!" आतून तिप्पण्णा ओरडला.

"सोप्पा हाय! एकपासनं आठपर्यंत!"

"म्हंजे एक आन आठ?"

"मधले बी घ्या की!"

"आकडे मराठीत का इंग्रजीत?"

"अवो, टीव्ही काय झेडपीच्या शाळंत गेलाय व्हय? इंग्रजीत! एक, दोन, तीन, चार..."

ज्ञानूने गॅलरीतून आठपर्यंतचे आकडे खणखणीत आवाजात म्हटले, दोनदा. पडद्यावर टिकमार्क उमटला. पाठोपाठ सोमेशचं मेलबर्नचं घर उमटलं, फुलांनी सजवलेला पाळणा उमटला. बायकांनी "अय्यो, किती गोड!" म्हणून घेतलं. बाळ अजून आतच होतं, पण पाळणाही गोड होता.

जरा वेळ गेला आणि पडद्यावर एक चक्र गरगरू लागलं. ज्ञानूने फोन हलवला, उलटा धरला, फुंकर मारली. मग त्याला जाणवलं की गल्लीत कधी नसते एवढी शांतता आहे. त्याने खाली वाकून पाहिलं. समोरचा शिंपी मशीन बंद करून फोनमध्ये बघत होता. पानवाला फोनमध्ये बघत होता. चहाच्या गाड्यावर पाच-सहा जण माना खाली घालून कुस्त्या बघत होते. ज्ञानूचा दिवसभराचा डेटा गल्लीने फस्त केला होता.

"माझ्या हॉटस्पॉटवर बसताय व्हय रं!" तो किंचाळला.

"तुमीच वरनं ओरडून पासवर्ड दिला की ओ," शिंपी म्हणाला. "आमास्नी वाटलं, बारशाचा हाय."

आत शेजारच्या रंभाबाईने आपला फोन हळूच पदराखाली घेतला. मल्लव्वाने बघितलं.

"रंभाबाई, तुमीसुदिक?"

"मलाबी प्रसादच वाटला बाई," रंभाबाई म्हणाली. "समद्यास्नी वाटतेत तसा."

आता उरला तिप्पण्णाचा फोन. ज्ञानूने त्यावर हॉटस्पॉट सुरू केला आणि या खेपेस शहाणा होऊन नवा पासवर्ड तिप्पण्णाच्या कानात कुजबुजला. बाळाच्या आधी पासवर्डचं बारसं झालं. मग जागा बदलल्या. ज्ञानू टीव्हीपाशी बसला आणि तिप्पण्णाला फोन उंच धरून गॅलरीत उभं केलं. फोन इतका म्हातारा होता, की त्याला एका वेळी एकच काम जमे. कॉल आला की त्याचं इंटरनेट बंद पडे.

"त्यामुळं एकच ध्यानात ठेवायचं," ज्ञानू म्हणाला. "कॉल आला की कापायचा. कुणाचा का असंना."

"कुणाचा बी?"

"प्रत्यक्ष सिद्धरामेश्वराचा आला तरी!"

पहिला कॉल मंगळवेढ्याहून मल्लव्वाच्या गंगम्मा मावशीचा आला. झालं का बारसं, एवढंच तिला विचारायचं होतं. पडद्यावर पाळणा थिजला. "कापा!" आतून ज्ञानू ओरडला. तिप्पण्णाने कापला. तिने पुन्हा केला, त्याने पुन्हा कापला. बायकोच्या माहेरचा फोन तोंडावर बंद करायची मुभा त्याला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाली होती आणि तिचा तो मनापासून उपभोग घेत होता.

पडद्यावर सोमेशची बायको महेश्वरी बाळाला घेऊन आली. पाळणा हलला, गाणी झाली. मल्लव्वा ठेवणीतलं इरकल नेसून टीव्हीच्या अगदी समोर बसली होती. तिने बाळाला हात केला. महेश्वरीला हात केला. कुणीच तिच्याकडे बघेना.

"लई शिष्ट झालेत सगळे," ती पुटपुटली.

तेवढ्यात सोमेश पाळण्यापाशी आला आणि समोर बघून म्हणाला, "अक्का, मुहूर्त झाला. आता तू नाव सांग हं."

पदर सावरून मल्लव्वा उठली आणि टीव्हीपाशी गेली. आता बाळाचा कान शोधायचा प्रश्न होता. टीव्ही भिंतभर, कान बोराएवढा. अखेर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तो सापडला. तिथे ओठ टेकवून, शेजारणीलाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू, तिने वडिलांवरून ठेवलेलं ते नाव तीनदा सांगितलं. पण रडायला सवड मिळाली नाही, कारण बायकांनी "कुर्रर्र!" केलं आणि तिच्या पाठीत धपाटे घातले. आत्याला धपाटे मिळतातच, पण रंभाबाईचा हात रोज कडक भाकऱ्या थापून घडलेला होता. मल्लव्वा टीव्हीवर आदळता आदळता वाचली.

"झालं बाई माझं काम," डोळे पुसत ती म्हणाली.

पडद्यावर मात्र काहीच झालं नव्हतं. सोमेशचा स्वतःचा फोन बारसं दाखवायला स्टँडवर उभा होता. म्हणून तो सासूबाईंच्या फोनवरून कुणाला तरी कॉल करत होता आणि मान हलवत होता. "कट होतोय," तो म्हणाला. "अक्का उचलंना. परत करतो."

"होत्तायतु, होत्तायतु," असं कानडीत उशीर झाल्याचं सांगत सासूबाई घड्याळ दाखवू लागल्या. सोमेशने पुन्हा कॉल लावला, पडदा क्षणभर थिजला आणि पुन्हा हलू लागला. मग त्याने सिद्धेश्वरीकडे बघितलं आणि सिद्धेश्वरी, बराच वेळ याच घटकेची वाट बघत असल्यासारखी, केस कानामागे घेत पाळण्याकडे निघाली.

"ए! थांब!" मल्लव्वा टीव्हीवर ओरडली. "मी सांगितलंय की नाव!"

"वैनी, त्यास्नी ऐकू जात न्हाई," ज्ञानू म्हणाला. "टीव्हीला कुटं कान असतोय?"

"मग मगाशी मी कुणाला सांगितलं?"

"टीव्हीला."

मल्लव्वाने पडद्याकडे बघितलं. सोमेशच्या हातात फोन होता. फोन कट होत होता. तिने गॅलरीकडे बघितलं. गॅलरीत तिप्पण्णा एक हात उंच करून समाधानाने उभा होता.

"कुणाचे फोन कापताय ओ तुमी?" ती दारातून ओरडली.

"फ्रॉडवाला हाय कोणतर," तिप्पण्णा म्हणाला. "परदेशातला नंबर. तो लावतोय, मी कापतोय. बघूया कोण दमतंय."

त्याच्या हातातला फोन पुन्हा वाजू लागला. त्याचा अंगठा सरावाने लाल खुणेकडे निघाला. मल्लव्वा घुगऱ्यांचं पातेलं ओलांडून धावली, फोन हिसकावला, हिरवी खूण दाबली आणि तोंडाशी धरला. आत टीव्ही थिजला. पडद्यावर सिद्धेश्वरी पाळण्यावर वाकून, तोंड उघडं ठेवून तशीच राहिली.

"अगं, उचलू नगं! बँक साफ करत्यात!" म्हणत तिप्पण्णाने फोन धरून खेचला.

"तिप्पण्णाऽऽ!" मल्लव्वा गरजली.

गल्लीत सगळ्यांनी माना वर केल्या. मल्लव्वा आणि नवऱ्याचं नाव? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी रेशनच्या दुकानातसुद्धा ती नाव विचारलं की शेजारणीला सांगायला लावी. रंभाबाईने तोंडावर हात ठेवला. तिप्पण्णाने फोन सोडून दिला. आपलं नाव असं ऐकू येतं हे त्याला नव्यानेच कळत होतं.

मग फोनमधून गलका उठला. कॉल उचलला जाताच सोमेशने आपल्याकडचा फोन बाळाच्या कानाशी धरला होता. आत्याच्या तोंडचा पहिला शब्द मेलबर्नमध्ये सगळ्यांनी स्वच्छ ऐकला होता. टाळ्या वाजल्या, आत्याच्या बदली उभ्या केलेल्या कुणा शेजारणीच्या पाठीत धपाटे बसल्याचे आवाज आले आणि सगळे एका सुरात म्हणू लागले, "तिप्पण्णा! तिप्पण्णा!"

"अवो, ते नव्हं!" मल्लव्वा ओरडली. "नाव तर..."

"अक्का!" पलीकडून सोमेशचा आवाज आला. तो रडत होता. "दाजींचं नाव ठेवलंस? मला सायकलवर पुढं बसवून शाळंत सोडायचे गं दाजी. पावसात स्वतः भिजायचे आन इरलं मला घालायचे. माझ्या मनात कधी आलं न्हाई, आन तू... जन्मभर जे नाव घेतलं न्हाईस ते माझ्या पोरासाठी घेतलंस अक्का!"

मागून सासूबाईंचा आवाज आला, की जुनी माणसं अशीच असतात, आणि आता दुसरं नाव ठेवायचं काही कारण नाही.

मल्लव्वाने 'नंदीश' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिची नजर तिप्पण्णाकडे गेली. टॉवेलच्या दुकानात आयुष्य घालवलेला, दुकानाच्या पाटीवरही भावाचं नाव असलेला तो माणूस कठड्याला टेकून उभा होता.

"माझं नाव?" तो हळूच म्हणाला. "पोराला? खरंच?"

मल्लव्वाला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याहून भयंकर माया आली होती. आपले वडील समजून घेतील, असं तिने मनातल्या मनात ठरवून टाकलं.

"व्हय," ती फोनमध्ये म्हणाली. "तेच. कधीचं ठरवलं होतं मी."

तिप्पण्णाने त्या दिवशी खाली उतरून शिंप्याला, पानवाल्याला आणि कुस्त्या बघणाऱ्यांना स्वतःच्या हाताने पेढे भरवले, आणि आपलं नाव ऑस्ट्रेलियात गेल्याचं प्रत्येकाला दोन-दोनदा सांगितलं.

पुढच्या रविवारी सोमेशने व्हिडिओ कॉल केला. बाळ पाळण्यात पडून पंख्याकडे बघत होतं. तिकडे सगळे त्याला "तिप्पण्णा, ए तिप्पण्णा" करून लाडाने हाका मारत होते. "अक्का, तू पण हाक मार की," सोमेश म्हणाला. एकदा घेतलं ते रागात घेतलं, आता शुद्धीवर असताना ते नाव मल्लव्वाच्या जिभेवर येईना. तिने पदर डोक्यावर घेतला, घसा साफ केला आणि फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली,

"अहो, इकडं बघा की जरा."

"आलो, आलो," म्हणत आतून तिप्पण्णा दाढीचा साबण तोंडावर घेऊन धावत आला.

"तुमी नव्हं," मल्लव्वा म्हणाली. "ते."