माळावरच्या मुक्या गोळ्याची हकीकत

श्री. ज्याच्या कृपेने ठिणगी पडते आणि ज्याच्या कृपेने ती भलतीकडे पडत नाही, त्या गजाननास वंदन करोन, शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरी, माघ मासी सरकारच्या शस्त्रशाळेत जे वर्तमान जाहले ते जैसे देखिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. शस्त्रशाळेच्या दारावरही ते लिहिलेले नाही, मग आम्हीच का लिहावे.

या राज्यात डोंगराच्या पाठीशी एक मुरमाड माळ आहे आणि त्या माळावर ही शाळा. फौजेस तोफ पाहिजे जाहली, गोळा पाहिजे जाहला, तर येथील विद्वानांनी तो कागदावर कल्पावा, मग घडवावा, मग माळावर उडवोन पाहावा आणि मग फौजेस द्यावा, ऐसा शिरस्ता. शाळेचे मुख्य त्र्यंबकराव पंत. पुरुष करारी, नियमाचे पक्के. पासाविना कोणी आत येऊ नये, मुख्य असो की माजी मुख्य असो, हा हुकूम त्यांचाच, आणि तो दारावर मोठ्या अक्षरांत लाविला तोही त्यांनीच. त्यांचे हाताखाली मालिनीबाई दाभोळे, पंतांनीच शिकवोन तयार केलेल्या. गोळ्याचे टोकाशी जे फ्यूज बसते, ज्याचे योगे जमिनीस टेकताच गोळा फुटावा, ते फ्यूज बाईंनी घडविले. त्या कामात बाईंचे केस पांढरे जाहले आणि पंतांचे गेले. आता फाल्गुनात पंत सेवेतून निवृत्त व्हावयाचे होते आणि त्यांचे चित्ती एकच होते, की जाण्यापूर्वी आपला गोळा फौजेत रुजू व्हावा. तो न जाहला तर परराज्यातून गोळे आणावे, ऐसे दरबारात घाटत होते, आणि ते ऐकोन पंतांस जेवण गोड लागत नसे.

या शाळेत एक चाल आहे, ती येथे सांगणे जरूर. गोळा उडविला आणि फुटला नाही, तर तो जेथे पडला तेथे लाल निशाण रोवायचे, आणि ते निशाण ज्याने गोळा घडविला त्याने स्वतः पायी घेवोन जायचे. मग सुरुंगवाल्यांनी जावे आणि गोळा जागीच उडवोन टाकावा. पूर्वी कोणी थोर अधिकारी आपण मांडवाचे सावलीत बसोन हवालदारास पुढे पाठवीत. एकदा हवालदार परत आला नाही, तेव्हापासोन ही चाल पडली. यास्तव चाचणीचे दिवशी घडविणाराचे काखेत निशाणाची घडी असते. मालिनीबाईंचे निशाण पहिल्या वर्षांत इतके वेळा रोविले गेले की त्याचा रंग विटला. मग फ्यूज सुधारत गेले आणि अलीकडे निशाण घडीतून निघालेच नव्हते.

मग खासा प्रधानजींची स्वारी गोळा पाहण्यास येणार ऐसी खबर आली आणि शाळेत एकच धांदल उडाली. व्यवस्थेचे अंमलदार दिगंबरराव म्हणोन होते. त्यांस गोळ्यातले काही कळत नव्हते, परंतु धुळीतले बहुत कळे. प्रधानजींचे कपडे पांढरेशुभ्र, आणि माळावर धूळ उडते. हे ध्यानी घेवोन दिगंबररावांनी आदले दिवशी टँकर बोलाविले आणि माळ भिजवोन काढिला. तेवढ्यावर न थांबता, जेथे गोळा पडावयाचा तेथे बागेची तांबडी माती पसरोन सारखी केली, भोवती झेंडूच्या कुंड्या मांडिल्या आणि मधोमध रांगोळी घातली. विद्वान येता जाता ते पाहात होते, परंतु माती हा दिगंबररावांचा प्रांत आणि गोळा हा आपला, ऐसे समजोन कोणी काही बोलिले नाही.

प्रधानजी आले, नारळ फुटला, तोफेस हळदकुंकू जाहले. फौजेचे तर्फेने सुभेदार यशवंत चाळके हजर होते, कारण गोळा मान्य जाहला तर प्रथम त्यांचेच तुकडीस जावयाचा होता. मग तोफ कडाडली, गोळा गेला, नेमका रांगोळीत उतरला आणि मुका राहिला. प्रधानजींनी कानांवर ठेविलेले हात बराच वेळ तैसेच ठेविले. मग कोणी तरी हळूच खुणाविले, तेव्हा ते खाली घेतले.

नेमिली वेळ थांबोन मालिनीबाईंनी निशाण काढिले आणि चालो लागल्या. बाई गेल्या, दुरोनच वाकोन पाहिले, निशाण रोविले आणि परत आल्या, तो त्यांचे बूट घोट्यापर्यंत तांबड्या चिखलाने माखलेले. पंतांनी ते बूट पाहिले आणि त्यांचे मुखावर तेज परत आले. म्हणो लागले, "साहेब, पाहिलंत? माळ भिजवून ठेवलाय. मातीत गोळा रुतला, त्याला ठोकाच बसला नाही. कोरड्या जमिनीवर हा गोळा अलीकडे एकदाही चुकलेला नाही." मग सर्वांनी दिगंबररावांकडे ऐसे पाहिले की ते मांडवाचे खांबाआड जाहले. प्रधानजीही संतोषले, कारण त्यांसही स्वदेशी गोळा मान्य केला ऐसे चार ठिकाणी सांगावयाचे होते. बोलिले, "मग प्रश्नच मिटला. उद्या माळ वाळला की पुन्हा उडवा, मी मंजुरी देऊन टाकतो."

येथे सर्व सुरळीत जाहले असते. परंतु मालिनीबाई आपल्या बुटांकडे पाहात उभ्या होत्या आणि त्यांनी सुभेदारांस पुसिले, "सुभेदार, तुमच्या चौकीपुढे जमीन कशी आहे?"

सुभेदार बोलिले, "भातखाचरं हायती, मॅडम. चार महिनं गुडघाभर चिखल असतोय."

"आणि बाकीचे महिने?"

"घोट्याभर."

बाई प्रधानजींस बोलिल्या, "मग हा गोळा आत्ता देऊ नये, साहेब. आम्ही तो मुरमाच्या माळावरच उडवत आलो. चूक माझी आहे, टँकरची नाही."

पंतांचा चेहरा उतरला. त्यांनी बाईंस बाजूस घेतले आणि हळू बोलिले, "मालिनी, वर्षभर लांबलं तर मी इथं नसेन."

"माहीत आहे, सर."

"उद्या कोरड्यात फुटला असता. सगळ्यांचं समाधान झालं असतं."

"तिकडे चिखलात नाही फुटला, सर, तर निशाण घेऊन कोण जाणार?"

पंत पाठ फिरवोन मांडवात गेले. त्या दिवसापासोन ते बाईंशी बोलिले नाहीत. फाल्गुनात निरोपाचा समारंभ जाहला, शाल जाहली, श्रीफळ जाहले, भाषणात पंतांनी माळ्यापर्यंत सर्वांची नावे घेतली आणि बाईंचे घेतले नाही. बाईंस बहुत वाईट वाटले. परंतु परराज्याचे गोळे मागविण्याचे प्रधानजींनी एक वर्ष तहकूब ठेविले, तेवढ्या आधारावर बाई पुनः कामास लागल्या.

मग शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सर उजाडले. बाईंनी माळावर बांध घालोन भातखाचर करविले, चिखलणी करविली, आणि टँकर मागविण्याचे काम मानाने दिगंबररावांसच दिले. फ्यूज नवे घडविले, फसले, पुनः घडविले. कार्तिकात चाचणी ठरली आणि प्रधानजी पुनः आले. त्या दिवशी त्र्यंबकराव पंतही रिक्षा करोन शाळेचे दारी उतरले. पाससाठी अर्ज केला होता, पास आला नव्हता. पहारेकरी पाटोळे यांनी वाट अडविली.

"अरे, मी त्र्यंबकराव."

"ओळखतो की, सर. म्हणूनच तर सोडत नाही."

पंतांनी मान वर करोन आपलाच हुकूम वाचिला आणि समोरील चहाचे टपरीवर जावोन बाकड्यावर बसले. चहा आला, तो गार जाहला. मग आत तोफ कडाडली, आणि लगेच तिकडे माळावर गोळा फुटल्याचा आवाज आला. पंत हलले नाहीत. दुसरा उडाला, फुटला. तिसरा उडाला, फुटला. ऐसे होता होता आवाज थांबले तेव्हा पंतांचे डोळे भरले होते आणि टपरीवाला दुसरा चहा विचारण्याचे विसरला होता. आत चिखल उडोन मांडवापर्यंत आला, प्रधानजींचे पांढरे कपडे तांबडे जाहले, आणि दिगंबरराव पंचा घेवोन त्यांचे मागे धावत होते.

पंत बाहेर बसले आहेत ऐसे पाटोळ्यांनी कळविताच मालिनीबाई धावत दाराबाहेर आल्या, अंगभर चिखल, काखेत निशाण. पंतांचे पुढे उभ्या राहिल्या आणि निशाणाची घडी, होती तैसी, त्यांचे हाती दिली. पंतांनी ती उलगडली नाही. मांडीवर नीट ठेविली. मग माघापासोन बोलणे बंद होते ते एकदम सुटले आणि बोलिले, "टँकर किती घातले होतेस?"

"खाचर भरेपर्यंत, सर."

"आणखी दोन घालायचे," पंत बोलिले आणि बाकड्यावर सरकोन त्यांनी बाईंस बसण्यास जागा केली.

ऐसे हे वर्तमान. गोळा फौजेस रुजू जाहला आणि सुभेदारांचे चौकीस पोहोचला. प्रधानजींचे कपड्यांचे डाग गेले नाहीत. पंतांचा पास दुसरे दिवशी टपालाने घरी आला. तो त्यांनी निशाणाचे घडीत ठेविला आहे.