उत्तमचं अस्वल

दर रविवारी सकाळी उत्तम अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून आमच्या घरी यायचा. बघणाऱ्याला वाटावं, स्वारी लग्नाला निघालीय. पण तो यायचा टीव्हीवर कार्टून बघायला. वय वर्षं सव्वीस.

तेव्हा आम्ही येलदरीला धरणाच्या कॉलनीत राहायचो. मी ऑफिसात हेडक्लार्क, उत्तम ट्रेसर. नकाशावर पातळ कागद ठेवून कालव्यांच्या रेघा उतरवायच्या, हे त्याचं काम. हात असा की नाव ठेवायला जागा नाही. पण एकदा त्याच्या नकाशाच्या कोपऱ्यात, उत्तर दाखवणाऱ्या बाणाशेजारी, एक अस्वल निघालं. साहेबांनी विचारलं, हे काय आहे? उत्तम शांतपणे म्हणाला, "पाणलोट क्षेत्रातलं हाय, साहेब."

ते अस्वल टीव्हीतलं. जपानी लोकांनी काढलेलं आणि आपल्याकडं येऊन हिंदी बोलायला लागलेलं. म्हातारं, डोळ्यांनी अधू. त्याच्या डोक्यावर बसून एक खार त्याला वाट सांगायची. दर रविवारी दोघं कुठल्या तरी संकटात सापडायची. आमची पोरं खदाखदा हसायची, उत्तम मात्र कीर्तनाला बसल्यासारखा सगळ्यांच्या पुढं मांडी घालून बसायचा. मधे कोणी बोललं की मान न वळवता म्हणायचा, "बारीक बघा, काका." खारीचा डोळा कसा काढलाय, नदीचं पाणी कसं हलायलंय, यावर मग सोमवारी ऑफिसात भाषण. मी वैतागायचो. अरे बाबा, मला पगारपत्रकं करू दे, म्हणायचो. त्यावर तो माझी कीव करायचा, कारण मी बारीक बघत नव्हतो.

पगार झाला की महाशय परभणीला जायचे. स्टँडजवळ एका दुकानात व्हिडिओ गेमच्या पेट्या होत्या. तिथं शाळा बुडवून आलेल्या पोरांमागं हा शिस्तीत नंबर लावून उभा राहायचा. पुढं त्यानं हातात मावेल असा एक गेमच विकत आणला. वरून विटा पडायच्या, त्या खाली नीट रचायच्या, एवढाच खेळ. ऑफिसात मीटिंग चालू असताना ड्रॉइंग बोर्डाखालून टुंई टुंई ऐकू आलं. साहेबांना वाटलं घड्याळ वाजलं, त्यांनी मनगट कानाला लावलं. उत्तम अगदी गंभीर चेहऱ्यानं विटा रचत होता.

लोक हसायचे. त्याला त्याचं काही नव्हतं, त्याच्या आईला होतं. गयाबाईंचं गावाकडचं घर नामांतराच्या दंगलीत जाळलं होतं. उत्तम तेव्हा अकरा वर्षांचा. बाप त्यातून सावरलाच नाही, वर्षाच्या आत गेला, आणि हे पोरगं आईबरोबर कालव्यावर मातीच्या पाट्या टाकायला लागलं. मग रात्रीची शाळा, मग ड्रॉइंगच्या परीक्षा, मग ही नोकरी. "त्याचं लेकरूपण तिथंच राहिलं, भाऊ," गयाबाई एकदा मला म्हणाल्या. "आता नोकरी लागल्यावर मागं जाऊन आणायलाय. पण लोकांला कसं सांगू?"

सांगायची पाळी आली होती, कारण पोराचं लग्न जमेना. एका मुलीचे मामा न कळवता रविवारी सकाळीच आले. उत्तम घरी नाही म्हणून त्यांना आमच्याकडं पाठवलं, तर भावी जावई आमच्या पोरांच्या घोळक्यात बसून टीव्हीतल्या खारीला सांगत होता, डावीकडं दरी हाय, डावीकडं जाऊ नको. मामा चहा न पिता गेले. दुसऱ्या ठिकाणी यानं बघायला गेल्यावर मुलीलाच विचारलं, तुमाला कार्टून आवडतंय का. तिला वाटलं आपली टिंगल चाललीय, ती रडत आत गेली. पोरगं जरा येडसर आहे, अशी बोलवा जिंतूरपर्यंत झाली.

म्हणून पेडगावचं स्थळ आलं तेव्हा गयाबाईंनी त्याला गळ्याची शपथ घातली. तिथं कार्टूनचा एक शब्द काढायचा नाही, कोणी विचारलं तर आपण तसलं बघतच नाही म्हणायचं. आता गळ्याची शपथ म्हणजे आमच्याकडं साधी गोष्ट नाही. जिनं घातली तिनंच 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही, आणि न सुटता मोडली तर तिच्याच जिवावर येते. जपानपर्यंतच्या गप्पा मारणारा उत्तम याबाबतीत पक्का आईचा लेक होता. हेही हुकलं तर आता कोणी दारात उभं करणार नाही, हे त्यालाही कळत होतं.

घरात दुसरं वडीलधारं माणूस नाही, तेव्हा मला बरोबर नेलं. मुलीचे वडील मास्तर, माणूस सरळ. मुलगी सुनंदा, बालवाडीत शिकवायची. पोहे झाले, नाव-गाव-शिक्षण झालं. उत्तम खाली सतरंजीकडं बघत सरकारी पाहुण्यासारखा बसलेला. मी आपलं रीतीप्रमाणं म्हणालो, मुलीला काही विचारायचं असलं तर विचारू द्या. असं म्हणायचं असतं आणि मुलीनं मान हलवून नाही म्हणायचं असतं. पण तिनं मान वर केली.

"तुमी रविवारचं ते अस्वलाचं बघता म्हणं," ती म्हणाली. "मागच्या रविवारी पूल तुटून ते नदीत पडलं आन् आमच्याकडची लाईट गेली. पुढं काय झालं?"

मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. गयाबाईंनी पदर तोंडाला लावला. उत्तमच्या कानशिलापर्यंत रक्त चढलेलं मला दिसत होतं. त्यानं आईकडं एकदा बघितलं.

"न्हाई," तो म्हणाला. "मी तसलं काही बघत न्हाई."

"बरं," म्हणून तिनं रिकाम्या बशा गोळा केल्या आणि आत गेली. मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला. काहीबाही कानावर आलं होतं, ते खोटं निघालं, म्हणाले, आणि आमच्याकडून होकार समजा म्हणून मोकळे झाले.

परतीच्या एसटीत गयाबाईंना काय करू नि काय नको झालं होतं. शेजारच्या अनोळखी बाईलासुद्धा त्यांनी पेढा दिला. उत्तमनं घेतला नाही. गाडी गावाबाहेर पडली तसा तो म्हणाला, "आई, सुटली म्हण."

गयाबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यानं पुन्हा म्हटलं. त्या चिडल्या. जमलेलं मोडायला निघालायस का, मास्तर उंबऱ्यात उभं करतील का, पंधरा वर्षं मी काय काय बघितलं ते विसरलास का, सगळं बोलल्या. गाडीतली माणसं वळून बघायला लागली. मीही म्हणालो, लग्नानंतर सांग की, घाई काय आहे.

"काका, आजवर मला कोणी इचारलं न्हाई हो," उत्तम म्हणाला. "हसले सगळे. पुढं काय झालं म्हणून कोणी इचारलं न्हाई. तिनं चार माणसांत इचारलं, आन् मी तिला एकटं पाडलं."

त्याचे डोळे भरले होते. अकराव्या वर्षापासून पाट्या उचललेलं पोरगं, मी त्याला असं कधी बघितलं नव्हतं. गयाबाईंनी पेढ्यांचा पुडा पुन्हा दोऱ्यानं बांधला. मग हळूच म्हणाल्या, "सुटली. जा."

त्यानं कंडक्टरच्या आधी हात घालून घंटीची दोरी ओढली. गाडी पुरती थांबायच्या आत उतरला आणि इस्त्रीचा शर्ट सांभाळत पेडगावच्या दिशेनं पळत सुटला. कंडक्टर शिव्या देत होता. गयाबाई मागच्या काचेतून तो दिसेनासा होईपर्यंत बघत होत्या.

मग पेढ्यांचा पुडा मांडीवर ठेवून त्या माझ्याकडं वळल्या.

"भाऊ," त्यांनी विचारलं, "वाचलं का हो ते अस्वल?"

"वाचलं," मी म्हणालो. "खारीनं हाक मारून मारून काठाला आणलं."