बारवेवरची नेमणूक

कोणत्याही गावाचा कारभार निव्वळ जिवंत माणसांच्या भरवशावर चालत नसतो. गोरेगावजवळच्या एका वाडीचे मालीपाटील, म्हणजे सारा वसूल करणारे पाटील, उकंडराव यांना हे फार लवकर उमगलं होतं. गावाबाहेरच्या जुन्या बारवेचा काठ ढासळला आणि लेकरं तिथेच खेळू लागली. कठडा बांधायला आठ दिवस लागले असते, म्हणून उकंडरावांनी एका दुपारी तिथे हडळ नेमली.

बाई कामाला चोख निघाली. बारा वर्षांत एक रजा नाही, एक तक्रार नाही, एक लेकरू पाण्यात नाही. (एक म्हैस पडली, पण म्हशींचा बंदोबस्त तिच्याकडे नव्हता.) त्या यशाने हुरूप येऊन पाटलांनी मोडक्या पुलावर खवीस आणि किडक्या पिंपळावर मुंजा, अशा आणखी दोन जागा तहसीलला न विचारता भरल्या. दुरुस्तीचा विषय गावात पुन्हा निघाला नाही.

सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात गोरेगावच्या बाजारात तंबूतला सिनेमा आला. वाडीची सगळी पोरं बैलगाडीतून बघून आली. त्यात भुतं लेकरांना खांद्यावर घेऊन उडत होती, पेढे देत होती आणि त्यांची गणितं सोडवत होती. मोठी माणसं अर्ध्यात झोपली. पोरांनी मात्र प्रत्येक गोष्ट नीट समजून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अकरा पोरं बारवेच्या काठावर जमली. पुढे पाटलांची सात वर्षांची नात शकू, हातात भाकरी-ठेचा, वाकून हाका मारत होती, "हडळमावशी, वर ये, जेवून घे."

उकंडराव बोडक्या डोक्याने पळत आले. "शके, मागं सर! लेकरायला खाती ती."

"न्हाई आबा. तिला कोणी जेवायलाच देत न्हाई, म्हणून तशी करून राहिली ती."

एवढ्यात शकूच्या पायाखालचा दगड सुटला. पाटलांनी मनगट धरून तिला ओढलं. दगड पाण्यात पडल्याचा आवाज बराच उशिरा आला. उकंडराव तिला घेऊन तिथेच मातीत बसले.

"शके, तिथं कोणी न्हाई," ते म्हणाले. "म्याच सांगितलं व्हतं खोटं."

"काहून?" शकूने विचारलं.

या मुद्द्यावर बारा वर्षांत विचार झालेला नव्हता. उकंडरावांनी गवंड्याला निरोप धाडला. कठडा चार दिवसांत उभा राहिला. (आठ दिवसांचा अंदाज कोणी काढला होता, हे आता कुणाला आठवत नाही.)

हडळ बडतर्फ झाल्याचं पोरांना मान्य झालं नाही. पोरं रोज कठड्यावर तिच्या नावाची भाकरी ठेवत राहिली. पाटील मात्र अंधार पडला की बारव टाळून लांबच्याच वाटेने जात राहिले.

तुम्ही हसलात, बरं वाटलं. आता एवढंच करा: तुमच्या घरी ज्या कोपऱ्यात बागुलबुवा असतो म्हणून सांगता, तिथलं काय मोडलंय ते उद्या सकाळी बघून या.