मधातली म्हैस

आमच्या शेजारचे मारोतराव आप्पा बायकोशी म्हशीतून बोलायचे.

वाचण्यात चूक झाली असं वाटून परत वाचू नका, बराबर लिहिलंय. कोणी फोनवरून बोलतं, कोणी पोरांच्या हाती निरोप धाडतं, तसे आप्पा म्हशीतून बोलायचे. सकाळी अंगणात दावणीपाशी उभे राहायचे, म्हशीच्या पाठीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "चंद्रे, काल आमटीत मीठ जरा जास्तीच झालं बरं. बराबर हाय का न्हाई?"

चंद्री रवंथ करत राहायची. चुलीपुढून कौसाअक्कांचा आवाज यायचा, "चंद्रे, सांग त्यांना, मीठ तेवढंच हाय. जिभंचं वय झालं."

चंद्री कान हलवायची आणि आप्पांना उत्तर पोचायचं. दोघांत भांडण असेल म्हणाल, तर तसं काही नव्हतं. भांडणात आवाज चढतो, आप्पांचा आवाज म्हशीवरसुद्धा कधी चढला नाही. गोष्ट साधी होती. लग्न होऊन अक्का आमच्या कुरुंद्याला आल्या तेव्हा घर भरलेलं. सासू, सासरा, दोन चुलत सासरे. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्यानं बायकोशी बोलायचं म्हणजे डोळ्यांवर यायचं. मग आप्पांनी युक्ती काढली, बोलायचं ते म्हशीला सांगायचं. पुढं एकेक करून सगळी वडीलधारी गेली. बोलायला कोणाची आडकाठी राहिली नाही. पण तोवर तोंडाला वळण पडलं होतं. म्हशी बदलल्या, नाव तेच राहिलं. हिची आई चंद्री, तिचीही आई चंद्री.

आणि ते "बराबर हाय का न्हाई?" आप्पांच्या प्रत्येक बोलण्याच्या शेवटी असायचंच. त्याचं उत्तर चंद्रीनं कधी दिलं नाही, अक्कांनीही दिलं नाही. सवाल म्हशीला होता, त्या मधात कशाला बोलतील?

यंदा दिवाळीनंतर चंद्री गेली. म्हातारी झाली होती, दोन दिवस चारा सोडला आणि गेली. आप्पांनी शेतात खड्डा खणून पुरली, वर हळद-कुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंपणापाशी भांडी घासत होते. आप्पा सवयीनं दावणीपाशी आले, उभे राहिले, घसा खाकरला. नुसता खुंटा होता. तसेच आत गेले. त्या दिवसापासून त्या घरात आवाज म्हणून राहिला नाही.

आता तुम्ही म्हणाल, सरळ बोलावं ना माणसानं. म्हणायला काय जातं? मी आमच्या ह्यांना म्हटलं, "तुमी तरी मला कवा नावानं हाक मारली?" तर हे पेपरात तोंड घालून बसले.

आप्पांनी दुसऱ्या वाटा धुंडाळून पाहिल्या. मांजरीतून बोलायला गेले, तर मांजर अर्ध्या वाक्यात उठून जाई. एके दिवशी माझ्याकडे आले. "सुमनवहिनी, तुमची शेळी जराशी देता का? तासाभरात आणून सोडतो."

मी दिली. आप्पांनी ती दावणीला बांधली आणि सुरू केलं, "शेळे, म्हणावं आज बाजारातून काय..." तेवढ्यात शेळीनं जे बेंबाटायला सुरुवात केली, ते थांबेचना. अक्का तिला ओढत माझ्या दारात घेऊन आल्या. "ने बाई तुझी शेळी. म्हशीची गोष्ट येगळी व्हती. शेळीशी बोलायचे दिवस आले का माझ्यावर?"

हसून हसून माझं पोट दुखलं. अक्का मात्र हसल्या नाहीत. माघारी जाताना खुंट्याकडे बघून गेल्या.

संक्रांतीनंतर आप्पा कामाला वारंगा फाट्याला गेले होते. तिथं चहाच्या हॉटेलाशेजारी जीपवाल्यानं बोर्ड लावला होता. जोडप्यांसाठी खास सहल, ऐतिहासिक नाशिक, द्राक्षाचे मळे आणि वाईनचा कारखाना. बोर्डावर एक तरणं जोडपं हातात काचेचे गिलास धरून एकमेकांकडे बघत होतं. आप्पांनी तो बोर्ड चहा गार होईस्तोवर वाचला आणि जीप सांगूनच गावात आले. हळद काढायला अजून वेळ होता, मळ्यांत द्राक्षं लागलेली होती. त्यांनी चार घरं धरली. आमचं, तुळशीराम नानांचं, माझ्या शिरड शहापूरच्या नणंदेचं आणि स्वतःचं. म्हणजे चार जोड्या.

गावात लगेच घोळ झाला. आमच्याकडे नवरा-बायको शेजारी शेजारी बसतात ते फक्त सत्यनारायणाच्या पाटावर. त्यामुळे "जोडीनं चलायचं" म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं, पूजा आहे. नानांच्या पारूबाईंनी सुपारी, खारका, नारळ बांधून ठेवलं. नाना कोरं उपरणं घेऊन विचारायला आले, "आप्पा, गाठ इथूनच मारून न्यायची का तिथं गेल्यावर?"

"अरे पूजा न्हाई, फिरायला चाललो आपण!"

"फिरायला? बायकोला घेऊन?" नानांना घाम फुटला. "कशाला?"

त्यात नाना माळकरी. वाईन म्हणजे काय ते कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं. मग आप्पांनी समजूत काढली, "दारू न्हाई नाना, द्राक्षाचा रस हाय. जरा शिळा झालेला."

"मग शिळा रस बघायला एवढ्या लांब काहून चलायचं?"

"आधी पंचवटी करू, गोदावरीत अंघोळ करू, मग मळे. बराबर हाय का न्हाई?"

पंचवटीचं नाव निघाल्यावर पारूबाई तयार झाल्या आणि पारूबाई तयार म्हणजे नाना तयार.

पण आप्पांची खरी धास्ती जीपमधल्या बसण्याची होती. आमच्याकडची कोणतीही गाडी बघा, गडीमाणसं पुढं, बायका मागं, बायकांच्या मांडीवर पिशव्या. आप्पांनी हळदीची रिकामी पोती अंगणात जोडी-जोडीनं अंथरली आणि आम्हाला तालीम द्यायला बोलावलं. "बसा. जोडीनंच बसायचं." बसलो. आमच्या ह्यांना लगेच तंबाखूची आठवण झाली, ते उठून नानांशेजारी गेले. नणंद माझ्याकडे सरकली, पारूबाई नणंदेकडे. बघता बघता एका पोत्यावर चार बायका आणि तिकडं तीन पुरुष. तुम्ही मोजत असाल तर चौथी बाई म्हणजे माझी पुतणसून, ती नुसतीच मजा बघायला आली होती.

आणि एका पोत्यावर आप्पा एकटेच. शेजारच्या जागेवर त्यांनी आपला रुमाल अंथरून ठेवला होता. एसटीत जागा धरतात तसा.

कौसाअक्का घरात होत्या. खिडकीतून सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. बाहेर आल्या नाहीत.

मला तेव्हाच शंका आली. म्हटलं, ह्या माणसानं साऱ्या गावाच्या बायकांना विचारलं, स्वतःच्या बायकोला विचारलंय का?

मी अक्कांकडे गेले. त्या तूर निवडत बसल्या होत्या.

"अक्का, पातळ कोणतं नेसणार?"

"कुठं जायला?"

"आता अन् कुठं! नाशिकला."

"मला कोण म्हटलं चल म्हणून?"

"अवं, आप्पांनी सगळी तयारी तुमच्यासाठी..."

"सुमन," अक्कांनी सूप खाली ठेवलं. "लगीन झाल्यापासून म्या म्हशीच्या कानानं ऐकलं. आता म्हैस न्हाई. म्हटलं, आता तरी माझ्या कानात काही पडंल. तर दिवाळीपासून घर कसं मुकं झालंय. दुपारचं म्या त्या खुंट्याशी बोलते, ठावं हाय तुला? त्यांनी मला विचारलं तर येईन. न्हाई विचारलं तर तुमी जा. आणि तू निरोप आणायचा न्हाई. तू काय चंद्री न्हाईस."

मी पडलेलं तोंड घेऊन आप्पांकडे आले. ते मळ्यात पाणी देत होते. मी काही निरोप दिला नाही, नुसतं म्हटलं, "आप्पा, ज्यांना न्यायचं त्यांना विचारा. न्हाईतर आपण सात जण आणि एक रुमाल, असेच जाऊ."

आप्पा बांधावर बसले. एक ढेकूळ उचलून फोडलं. मग म्हणाले, "वहिनी, लई वर्षं झाली. ती धार काढत व्हती, म्या गोठ्याच्या मागं उभा व्हतो. चंद्रीला सांगून राहिली व्हती, आपलं समदं पीक मातीखाली. हळद खाली, भुईमूग खाली. कंबर वाकवून वाकवून बघायचं. म्हणं, द्राक्षाचं पीक डोक्यावर लोंबतं. मांडवात उभं राहून मान वर करून पीक बघायचं, असं एकदा बघावं वाटतं."

"मग तुमी काय म्हणलात?"

"म्या काय म्हणणार? ती म्हशीला सांगत व्हती. मला न्हाई सांगितलं. मधात कसं बोलावं?"

मी बांधावर टेकले. म्हटलं, "आता बोला."

"जीभ वळत न्हाई वहिनी. लई तकलीफ हाय."

जायचा दिवस उजाडला. जीप दारात आली. तालमीचा काही उपयोग झाला नाही. आमचे हे आणि नणंदेचा नवरा ड्रायव्हरशेजारी, नाना त्यांच्या मागच्या बाकावर, आम्ही बायका शेवटी, मांडीवर पिशव्या. नानांच्या मागं दोन माणसांची सीट आप्पांनी राखली होती. तिच्यावर रुमाल.

अक्का अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. घरातलं पातळ, डोक्यावर पदर, मान खाली.

आप्पा धुतलेलं धोतर नेसून दारातून जीपपर्यंत आले, परत दारापर्यंत गेले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. नाना ओरडले, "आप्पा, ऊन चढून राहिलं! वहिनींना बोलवा की!" पारूबाई माझ्या दंडाला चिमटा काढून कुजबुजल्या, "आल्या न्हाईत काहून?" मी त्यांना गप्प बसवलं. माझी नजर अंगणातून हलत नव्हती. सुपात तूर वर-खाली होत होती. खडे कधीच संपले असतील, तरी अक्का निवडतच होत्या.

आप्पा दावणीपाशी गेले. खुंट्याला दावं अजून तसंच होतं. त्यांनी हात पुढं केला. चंद्रीची पाठ जिथं असायची, बराबर तेवढ्याच उंचीवर तो हात हवेत राहिला.

"चंद्रे..." ते म्हणाले.

पुढं शब्द फुटेना. ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला. अक्कांचं सूप थांबलं, पण मान वर झाली नाही. मला वाटलं, झालं. आता हा माणूस घसा खाकरणार, येऊन रुमालाशेजारी बसणार आणि आम्ही निघणार. मी मनात म्हटलं, देवा, ह्याला एक म्हैस तरी दे.

आप्पांनी हात खाली घेतला. खुंट्याकडे पाठ केली. आणि गावानं कधी ऐकलं नव्हतं एवढ्या मोठ्यानं ओरडले, "कौसल्या! डोक्यावरचं पीक बघायला चलतीस का?"

नाल्यापलीकडची कुत्री भुंकायला लागली.

अक्कांनी मान वर केली. मग म्हणाल्या, "एवढं मोठ्यानं काहून बोलून राहिले? म्या काय म्हैस हाय का?"

जीप हसायला लागली. आप्पा हसले नाहीत. अक्का उठल्या, आत गेल्या. मी म्हटलं, आता तासभर तरी लागणार. पण त्या अशा गेल्या आणि अशा आल्या. नवं पातळ, हातात पिशवी. पिशवीची गाठ जुनी वाटत होती. कधीची बांधून दाराआड ठेवली होती कोण जाणे.

"अक्का, इकडं मागं या," पारूबाईंनी सवयीनं सरकून जागा केली. अक्का पायरीवर एक पाय ठेवून थांबल्या. आप्पांनी सीटवरचा रुमाल उचलला, झटकला आणि खांद्यावर टाकला. अक्का तिथं बसल्या. नाना मागं वळून म्हणाले, "आता गाठ मारायची का?" त्यांना पारूबाईंनी पिशवीनं हाणलं.

नाशिकला काय काय झालं ते सगळं सांगत नाही. शिळा रस कोणी चाखला, कोणी नुसता वास घेऊन ठेवला, ते आम्हा आठ जणांतच राहू द्या. नानांची माळ शाबूत आहे एवढं सांगते. मळ्यात शिरल्याबरोबर गडीमाणसं एका बाजूला गेली आणि आम्ही बायका दुसऱ्या. आप्पांची जोडीची सहल तिथंच मोडली म्हणायला हरकत नाही.

फक्त ते दोघं मांडवाखाली मागं राहिले. मी चप्पल निसटली म्हणून वाकले होते, म्हणून कानावर पडलं. डोक्यावर हिरवे-पिवळे घोस लोंबत होते. अक्कांनी मान इतकी वर केली होती की पदर डोक्यावरून कधी घसरला ते त्यांना कळलं नव्हतं. आप्पा कंबरेवर हात ठेवून शेजारी उभे. हात ठेवायला तिथं काही नव्हतं ना.

"लई हायेत," आप्पा हळूच म्हणाले. मग सवयीनं तोंडातून गेलं, "बराबर हाय का न्हाई?"

म्हणून झाल्यावर ते थांबले. इकडंतिकडं बघितलं, जसं कोणाला विचारलं ते त्यांनाच कळलं नाही.

अक्का वर बघत होत्या. वर बघतच म्हणाल्या, "बराबर हाय."