इनामदार सर आणि शेवटचा र

सिरसाळ्यात इनामदार सरांना पाणी विचारायची सोय नव्हती. मराठीत विचारलं तर ठीक. पण एखादं पोर फुशारकीनं ‘वॉटर’ म्हणालं, की सरांचा हात पेल्यापाशीच थांबायचा. "शेवटचा र काहून उच्चारला? तो गिळायचा असतो. वॉटा." पोरानं तीनदा ‘वॉटा’ म्हटलं की मग सर पाणी पीत.

हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले. इंग्लंड लांबच राहिलं, परळीच्या पुढंसुद्धा त्यांचं जाणं लग्नकार्यापुरतंच. सगळे उच्चार त्यांनी रेडिओला कान लावून कमावले होते आणि ते जिवापाड जपले होते. अमेरिकन इंग्रजीचं नाव काढलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. "ती लोकं र चावत बसतेत," म्हणायचे.

बाजारातल्या भाजीवाल्या कांताबाईंवर मात्र त्यांचा भारी जीव. आम्ही शिकलेली मंडळी टोमॅटो म्हणतो, अमेरिकेत म्हणे टोमेटो म्हणतात. कांताबाई आपल्या सरळ ‘टमाटे’ म्हणायच्या आणि इंग्लंडातला उच्चार ‘टमाटो’च्या जवळचा. त्यामुळं साऱ्या गावात शुद्ध इंग्रजी त्या एकट्याच बोलतात, असं सरांचं ठाम मत होतं. घरात टमाटे असले तरी ते आणखी किलोभर आणत. सरांच्या पत्नी, आमच्या भाभी, वैतागून त्यातले अर्धे आमच्याकडं पाठवत.

मी त्यांचा शेजारी, जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर. सर मला गुरुजी म्हणतात. त्यांना हसण्यात मी सगळ्यात पुढं होतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

सरांची मुलगी नसरीन लग्न होऊन नेमकी अमेरिकेतच गेली. तिची झोया तिथंच जन्मली, आता नऊ वर्षांची आहे. दर रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि मी चहाच्या निमित्तानं तिथं हजर असायचो. झोया नानांना, म्हणजे सरांना, काहीबाही वाचून दाखवायची, र चांगला घोळवून घोळवून. सर थांबवायचे. पोर गुणाची, नानांसाठी दोन ओळी र गिळायची, तिसऱ्या ओळीला विसरायची. मला फुकटची करमणूक होती.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तिनं शाळेत लिहिलेला निबंध वाचायला घेतला. फोन टेबलावर ठेवून, दोन्ही हातांत कागद धरून ती ताठ उभी राहिली. पहिल्याच वाक्यात ‘ग्रँडफादर’ आलं. सरांनी थांबवलं. तिनं सुधारून म्हटलं. पुढं ‘टीचर’ आलं, पुन्हा थांबवलं. निबंध सरांवरच आहे हे माझ्या लगेच ध्यानात आलं होतं. त्यांना नुसतं कोपरानं ढोसलं असतं तरी पुरे होतं. पण मी हसत बसलो. पाचव्यांदा थांबवल्यावर झोयानं कागदाची घडी घातली आणि फोन आईकडं दिला.

निबंध कुणावर होता, हे सरांना नसरीननं दुसऱ्या दिवशी सांगितलं. कागद झोयानं फाडून टाकला होता. त्यानंतर सरांनी तिची माफी मागितली, एकदा नव्हे, तीन रविवार. ती सलाम करते, बरी आहे म्हणते आणि अभ्यास आहे सांगून उठते. वाचून काही दाखवत नाही.

परवाच्या रविवारी कॉल संपल्यावर सर फोन हातात धरूनच माझ्याकडं वळले.

"गुरुजी, मला नुसते र ऐकू आले बगा," ते म्हणाले. "पण तुमी तर ऐकत होता. काय लिहिलं होतं माझ्या पोरीनं?"

मला पहिली ओळ सांगता आली. पुढचं मीही हसण्याच्या नादात ऐकलं नव्हतं.